वाण दात्यांची नव्हे, विचारणाऱ्यांची

जिल्ह्याच्या गावाहून रात्री रुग्णवाहिकेत घालून आणलेला एक पंचविशीतला तरुण शहरातील रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पडलेला असतो. मोटारसायकल घसरली, डोक्याला जबर मार बसला, एवढेच बरोबरच्यांना ठाऊक असते. बाहेरच्या बाकावर आई आहे, बाप आहे, थोरले चुलते आणि मामा आहेत, गावचे दोघे-तिघे आहेत. काचेतून पाहावे तर मुलाची छाती संथपणे वरखाली होताना दिसते. हात हातात घेतला तर तो ऊबदार लागतो. यंत्राच्या पडद्यावर हृदयाची रेघ अखंड धावत असते. आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन सांगतात, की हा मुलगा आता या जगात नाही. त्या घटकेला आईबापांच्या मनात जे उठते त्याला शोक म्हणणेही अपुरे आहे. कारण शोक करण्यासाठी आधी मृत्यूवर विश्वास बसावा लागतो, आणि डोळ्यांसमोरचे दृश्य तर तो विश्वास क्षणोक्षणी खोटा पाडीत असते.

हे चित्र कोण्या एका घराचे नव्हे. देशातील रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मेंदूतील रक्तस्रावाने अचानक गेलेल्यांची गणना त्यात नाही. यांपैकी काहींचा मृत्यू असा असतो, की मेंदूचे कार्य कायमचे थांबलेले असते, परंतु कृत्रिम श्वसनयंत्राच्या आधारे हृदय आणखी काही तास, फार तर काही दिवस चालू राहते. मृत्यूनंतरच्या अवयवदानाचा प्रश्न नेमका या थोड्या अवधीत आणि त्या बाकावर बसलेल्या माणसांपुढेच उभा राहतो. त्यांना कोण विचारतो, केव्हा विचारतो आणि कोणत्या शब्दांत विचारतो, यावर दूर कोठेतरी खाटेला खिळलेल्या पाच-सहा रुग्णांचे जगणे-मरणे अवलंबून असते.

या विषयाची चर्चा आपल्याकडे बहुधा दात्यांच्या औदार्याच्या अंगाने होते. संकल्पपत्रे भरून घेतली जातात, फेऱ्या निघतात, दधीची ऋषींचे स्मरण केले जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु टंचाई खरोखर औदार्याची आहे काय, याची तपासणी कोणी करीत नाही. ती केली तर असे आढळेल, की दुर्मीळ असलेली गोष्ट औदार्य ही नसून, शोकाच्या प्रसंगी कुटुंबाजवळ बसून त्याला सत्य समजावून देणारे, धीर देणारे आणि मगच प्रश्न विचारणारे प्रशिक्षित माणूस ही आहे.

जिवंतांवर पडणारा भार

प्रथम आकडे पाहू. भारतात २०१३ साली पाच हजारांच्या आत अवयव-प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ साली ती १८ हजारांवर गेली. ही प्रगती निःसंशय आहे. पण याच २०२३ साली मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांची संख्या एक हजाराहून थोडीशी अधिक होती, आणि हजाराचा टप्पा देशाने ओलांडला तोही प्रथमच. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण दहा लाखांमागे एक दाता इतकेही भरत नाही.

मग बाकीचे अवयव आले कोठून? ते आले जिवंत माणसांच्या शरीरांतून. त्या वर्षी सुमारे १५ हजार जिवंत माणसांनी आपले एक मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग आप्तांना दिला आणि त्यांत दर पाचांमागे तिघींहून अधिक स्त्रिया होत्या. पत्नीने पतीला, आईने मुलाला, बहिणीने भावाला द्यावे, हे आपल्या कुटुंबव्यवस्थेत जणू गृहीतच धरलेले आहे. या दानामागील प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु घरातील कमावत्या पुरुषाला शस्त्रक्रियेच्या मेजावर झोपवायचे नाही आणि बाईच्या श्रमाला मोल नसल्यामुळे तिचे काही बुडत नाही, हा हिशेबही त्या प्रेमात मिसळलेला नसतो असे कोण म्हणेल?

अर्थशास्त्रातील एक साधा नियम असा, की कोणताही खर्च टाळला म्हणून नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर पडतो. अतिदक्षता विभागाबाहेर जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याची किंमत अशा रीतीने दुसऱ्या एखाद्या घरातील निरोगी स्त्री आपल्या शरीराने चुकती करते. आणि ज्यांच्या घरी देणारे कोणी नाही, ते प्रतीक्षायादीवरच संपतात. हृदयाच्या रुग्णाला तर जिवंत दाता असूच शकत नाही.

कायदा आहे, मग अडते कोठे?

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. या क्षेत्रात महाराष्ट्राने एके काळी पुढाकारही घेतला होता. नेत्रपटलाच्या रोपणासंबंधीचा मुंबई राज्याचा कायदा १९५७ सालचा आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये जगातील पहिले मानवी हृदयरोपण केले, त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगला. पण प्रयत्नाचे धाडस लहान नव्हते. मूत्रपिंड-रोपणाचा स्वतंत्र कायदा राज्याने १९८२ मध्ये केला. पुढे संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत केला, तो फेब्रुवारी १९९५ मध्ये प्रथम ज्या राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन होती.

या कायद्याने दोन महत्त्वाच्या गोष्टी केल्या. मेंदूमृत्यूला मृत्यू म्हणून मान्यता दिली आणि अवयवांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली. २०११ च्या दुरुस्तीने, जी २०१४ पासून अमलात आली, आणखी दोन पावले टाकली. अवयवांबरोबर त्वचा, नेत्रपटल, अस्थी, हृदयाच्या झडपा अशा ऊतींचाही कायद्यात समावेश झाला; आणि नोंदणीकृत रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक नेमणे व अतिदक्षता विभागातील संभाव्य दात्याच्या आप्तांना दानाविषयी विचारणे बंधनकारक ठरले. अवयवांच्या वाटपासाठी राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय केंद्रे आहेत. आराखड्यात काही कमी नाही.

आणि तरीही २०२३ साली महाराष्ट्रात मृत्यूनंतरचे दाते दीडशेच्या आसपास होते, तर तेलंगणात ते अडीचशेच्या आसपास. महाराष्ट्राची लोकसंख्या तेलंगणाच्या तिपटीहून अधिक आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या अंतराचा अर्थ कळतो. तेलंगणातील माणसे मराठी माणसांपेक्षा पाचपट उदार आहेत, असे अनुमान कोणी शहाणा माणूस काढणार नाही. फरक रुग्णालयांतील व्यवस्थेचा असला पाहिजे. मेंदूमृत्यू ओळखला जातो की नाही, ओळखल्यावर तो जाहीर होतो की नाही, आणि जाहीर झाल्यावर कुटुंबाशी बोलायला कोणी असते की नाही, या तीन ठिकाणी सर्व काही ठरते.

मृत्यूची खात्री

सामान्य माणसाची पहिली शंका अगदी रास्त असते. श्वास चालू आहे, मग मृत्यू कसा? याचे उत्तर असे, की तो श्वास त्या माणसाचा नसून यंत्राचा असतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या स्तंभात श्वसनाचे केंद्र असते. ते एकदा नष्ट झाले की ते पुन्हा जिवंत करण्याचा कोणताही उपाय वैद्यकशास्त्राजवळ नाही. बेशुद्धावस्था वेगळी आणि ही अवस्था वेगळी. बेशुद्ध माणूस स्वतः श्वास घेऊ शकतो, काही वेळा शुद्धीवरही येतो. मेंदूमृत माणूस कधीही परत येत नाही.

ही अवस्था ठरवण्याचे काम एका डॉक्टरवर सोडलेले नाही. चार डॉक्टरांचे मंडळ ते करते, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणालाही त्यात स्थान नसते. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात का, नेत्रपटलाला स्पर्श केल्यावर पापणी हलते का, कानात बर्फाचे पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, घशाला नळी लागल्यावर ठसका येतो का, आणि शेवटी यंत्र काही वेळ बाजूला केल्यावर शरीर स्वतःहून एक तरी श्वास घेते का, हे सर्व पाहिले जाते. किमान सहा तासांच्या अंतराने ही सारी परीक्षा पुन्हा केली जाते. दोन्ही वेळा निष्कर्ष एकच आला, तरच प्रमाणपत्रावर सह्या होतात.

एवढी काटेकोर पद्धत असूनही संशय राहतो, त्याला व्यवस्थेतीलच एक विसंगती कारणीभूत आहे. मेंदूमृत्यूची व्याख्या आपल्याकडे अवयवदानाच्या कायद्यात आलेली आहे. त्यामुळे दानाला होकार मिळाला तर तो मृत्यू. आणि नकार मिळाला तर यंत्र काढावे की नाही या संभ्रमात डॉक्टर उपचार पुढे चालू ठेवतात, बिल वाढत राहते, आणि हृदय बंद पडेपर्यंत आप्तांना बाकावर बसून राहावे लागते. ज्या कुटुंबाने हे एकदा पाहिले, त्याच्या मनात असा प्रश्न आल्यावाचून कसा राहील, की हा मृत्यू खरा होता की केवळ दानापुरता होता? केरळने २०२० साली मेंदूमृत्यूचे निदान दानाच्या निर्णयापासून वेगळे करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती या दृष्टीने लक्षणीय आहेत. मृत्यू हा मृत्यूच असला पाहिजे. तो कोणाच्या होकारावर वा नकारावर अवलंबून असता कामा नये.

दोन संभाषणे, एक नव्हे

आता त्या बाकाकडे परत येऊ. कुटुंबाला मृत्यूची वार्ता देणे हे एक संभाषण आहे आणि दानाविषयी विचारणे हे दुसरे. या दोहोंची गल्लत झाली की दोन्ही बिघडतात. ज्या डॉक्टरने काल संध्याकाळपर्यंत आशा दाखवली, त्यानेच आज सकाळी मृत्यू सांगून त्याच श्वासात मूत्रपिंडाची गोष्ट काढली, तर ऐकणाऱ्याला त्यात सौदाच दिसणार. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यू सांगावा, शक्य तर चित्र काढून, प्रतिमा दाखवून समजावून द्यावा आणि बाजूला व्हावे. कुटुंबाला रडू द्यावे, त्याने मुलाला पाहून यावे, गावाकडे फोन करावेत. वार्ता मनात उतरल्याची खूण दिसल्यावरच समन्वयकाने पुढे यावे.

समन्वयक म्हणजे बहुधा परिचारिका, वैद्यकीय समाजसेवक किंवा समाजकार्याचा पदवीधर. त्याचे कसब शब्दांत आहे, आणि त्याहून अधिक ऐकण्यात. 'यंत्रावर जिवंत ठेवला आहे' असे वाक्य त्याच्या तोंडून निसटले, तर मागची सारी समजूत वाया जाते. जेथे येजा चालू आहे अशा व्हरांड्यात उभे राहून हा विषय काढता येत नाही. त्याला एक खोली लागते, बसायला जागा लागते, पाण्याचा पेला लागतो. कायद्याच्या दृष्टीने संमती पती-पत्नी, आईवडील, अपत्ये, भावंडे अशा जवळच्या नातलगाची पाहिजे. परंतु आपल्या घरांत निर्णय अनेकदा थोरले काका किंवा मामा घेतात, आणि ज्या सुनेची सही लागते ती कोपऱ्यात पदर डोळ्यांना लावून बसलेली असते. काकांना डावलले तर होकार मोडतो. आणि सुनेला डावलले तर तो होकार तिचा राहत नाही. हे दोन्ही सांभाळणे हे पुस्तकातून येणारे ज्ञान नव्हे.

प्रश्नही ठरलेले असतात. शरीर विद्रूप होईल का? नाही, शस्त्रक्रियेप्रमाणेच टाके घालून ते परत मिळते. अग्निसंस्काराला किती उशीर होईल? काही तास, आणि ते किती, हे समन्वयकाने हातचे न राखता सांगितले पाहिजे. खर्च कोणाचा? दात्याच्या देहाची निगा, अवयव काढणे आणि त्यांची ने-आण यांचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडता कामा नये, असे २०१४ चे नियमच सांगतात. अपघाताचा मृत्यू असेल तर पोलिसांची परवानगी, पंचनामा आणि शवविच्छेदन आलेच. येथे समन्वयकाचे खरे मोल कळते. बापाला पोलीस चौकी आणि शवागार यांच्यामध्ये हेलपाटे घालावे न लागता ही कामे पार पडली, तर ते कुटुंब त्या दिवसाची आठवण वेगळी ठेवते. होकार दिलेल्या घराला एकाकी सोडून सारे पथक अवयवांच्या पेट्यांमागे धावले, तर त्या घरातून पुन्हा दानाचे नाव निघणार नाही, आणि त्या गावातूनही नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पुत्रशोकाने विद्ध झालेल्या आईबापांना असे काही विचारणे हेच क्रौर्य नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे. पण न विचारणे म्हणजेही त्यांच्या वतीने परस्पर नकार देणेच होय. विचारायचे ते होकार मिळवण्यासाठी नव्हे, तर निवड त्यांच्या हाती देण्यासाठी. नकार आला तर तो तितक्याच आदराने घेतला पाहिजे, आणि नकार देणाऱ्या घरालाही मृत्यूचा दाखला, शववाहिका आणि धीराचे दोन शब्द तितक्याच तत्परतेने मिळाले पाहिजेत. समन्वयक हा विमा-प्रतिनिधी नव्हे. किती होकार आणले यावर त्याची पगारवाढ ठरू लागली, त्या दिवशी या कामाचा आत्मा गेला असे समजावे.

स्पेनचा धडा

जगात या बाबतीत स्पेनचा क्रमांक दीर्घकाळ पहिला राहिला आहे. तेथील यशाचे श्रेय अनेक जण तेथल्या कायद्याला देतात. नागरिकाने हयातीत नकार नोंदवला नसेल तर त्याची संमती गृहीत धरावी, असे तो १९७९ चा कायदा म्हणतो. परंतु कायदा झाल्यावर दहा वर्षांनीही, म्हणजे १९८९ मध्ये, तेथे दाते दहा लाखांमागे चौदाच होते. त्या वर्षी डॉ. राफाएल मातेसान्स यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली, रुग्णालयारुग्णालयांत समन्वयक नेमले गेले, आणि तेही बव्हंशी अतिदक्षता विभागातीलच डॉक्टर. त्यांना कुटुंबाशी बोलण्याचे पद्धतशीर शिक्षण दिले गेले. आज ते प्रमाण दहा लाखांमागे पंचेचाळिसाच्या वर आहे. कायदा तोच, लोकही तेच. बदलली ती विचारण्याची व्यवस्था. आणि संमती गृहीत धरणारा कायदा असूनही तेथे कुटुंबाला विचारल्याशिवाय हात लावला जात नाही, हे विशेष.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. तमिळनाडूत सप्टेंबर २००८ मध्ये अपघातात मेंदूमृत झालेल्या आपल्या किशोरवयीन मुलाचे अवयव एका डॉक्टर दांपत्याने दिले. त्या घटनेने लोकमानस हलले. परंतु सरकारने त्या भावनेवरच विसंबून न राहता लागोपाठ आदेश काढून मेंदूमृत्यूची निश्चिती, वाटपाची यादी आणि समन्वय यांची घडी बसवली. भावना काही महिने टिकते, व्यवस्था टिकते ती वर्षानुवर्षे. त्याच राज्याने २०२३ पासून अवयवदात्यांना शासकीय इतमामात निरोप देण्यास आरंभ केला.

बाजार हे उत्तर नव्हे

टंचाई आहे म्हणताच बाजाराचे नाव निघते. मूत्रपिंडाला भाव द्या, पुरवठा आपोआप वाढेल, असा युक्तिवाद करणारे अर्थशास्त्रज्ञ पाश्चात्त्य देशांत आहेत. भारताने हा प्रयोग कायदा होण्यापूर्वी, आणि चोरून त्यानंतरही, पाहिलेला आहे. चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९६ टक्क्यांनी कर्ज फेडण्यासाठी ते विकले होते. विक्रीनंतर त्यांचे कौटुंबिक उत्पन्न सरासरी एक-तृतीयांशाने घटले, आणि बहुसंख्यांच्या डोक्यावर कर्ज तसेच राहिले. देह विकून दारिद्र्य फिटत नाही, एवढाच या प्रयोगाचा निष्कर्ष.

ब्रिटिश विचारवंत रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले, की जेथे पैशाचा व्यवहार शिरतो तेथे निरपेक्ष देण्याची वृत्ती आटते आणि मिळणाऱ्या रक्ताची प्रतही खालावते. नोबेल पारितोषिकाचे मानकरी केनेथ अ‍ॅरो यांनी त्यांच्याशी वाद घातला, तो आजही वाचण्यासारखा आहे. तथापि अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकाला हा वाद लागू करताना एक गोष्ट विसरता येत नाही. तेथे बसलेल्या बापापुढे रक्कम ठेवली, तर त्याचा होकार हा कायमचा संशयास्पद होतो, प्रथम शेजाऱ्यांच्या आणि मग त्याच्या स्वतःच्याही नजरेत. मुलाच्या मृत्यूतून त्याला जो एकच दिलासा मिळू शकत होता, तोही आपण पैसे देऊन हिरावून घेतो.

घरी झालेला मृत्यू

मेंदूमृत्यू हा रुग्णालयातच, यंत्राच्या सान्निध्यात घडतो. बहुसंख्य मृत्यू तसे नसतात. परंतु हृदय थांबून घरी मृत्यू आला, तरी ऊतींचे दान शक्य असते, याची माहिती फार थोड्यांना असते. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत नेत्रदान होऊ शकते. नेत्रपेढीला कळवावे, मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी देऊन ते किंचित उंच करावे, इतकेच घरच्यांनी करायचे असते. पुढचे काम पथक घरी येऊन अर्ध्या तासाच्या आत आटोपते. चष्मा असला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, तरी बहुधा अडचण येत नाही. त्वचादानात मांड्या, पाय व पाठ येथील अगदी पातळ थर घेतला जातो. मोठ्या भाजलेल्या रुग्णाच्या जखमा झाकण्यासाठी तो अमोल ठरतो, आणि त्याला रक्तगट जुळावा लागत नाही. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचापेढी आहे, आणि टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतिपेढी तर १९८८ पासूनची आहे.

मात्र येथेही अडचण तीच. तिरडीची तयारी चालू असते, बाहेरगावचे लोक यायचे असतात, आणि कोणाच्या तरी मनात विचार येऊनही तो बोलून दाखवण्याचा धीर होत नाही. अशा वेळी गल्लीतला एखादा निवृत्त शिक्षक, एखादा नेहमीचा डॉक्टर, एखाद्या मंडळाचा कार्यकर्ता 'विचारू का?' म्हणून पुढे होतो आणि दोन माणसांना दृष्टी मिळते. हयातीत घरच्यांशी जेवताना एकदा झालेले बोलणे या प्रसंगी पाकिटातील कार्डापेक्षा अधिक उपयोगी पडते. कारण कार्ड असले तरी अखेरीस घरच्यांनाच विचारले जाते, आणि 'त्यांची इच्छा होती' हे वाक्य सांगणाऱ्याच्या मनावरचा भार हलका करते.

न्यायाचे काय?

अखेरचा प्रश्न न्यायाचा आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. दुचाकीच्या अपघातात दगावणारा तरुण बहुधा शेतकऱ्याच्या, मजुराच्या, कारखान्यातील कामगाराच्या घरचा असतो. प्रत्यारोपणे मात्र मुख्यतः खासगी रुग्णालयांत होतात, आणि त्यांचा खर्च काही लाखांपासून वीस-पंचवीस लाखांपर्यंत जातो. त्यानंतर औषधे आयुष्यभराची. वाटपाची यादी नियमांनी बांधलेली आहे, तीत पैशाला स्थान नाही. पण यादीत नाव घालण्यापूर्वीच ज्याची ऐपत संपते, त्याला त्या यादीच्या निष्पक्षतेचा काय उपयोग? गरिबाने द्यावे आणि धनिकाने घ्यावे, असे चित्र एकदा लोकांच्या मनात ठसले, तर कितीही कुशल समन्वयक त्या बाकावर निरुत्तर होईल. म्हणून शासकीय रुग्णालयांत प्रत्यारोपणाची सोय वाढवणे आणि नंतरच्या औषधांचा भार उचलणे, ही दयेची नव्हे तर विश्वासाची गरज आहे.

करावयाच्या गोष्टी थोड्या आणि स्पष्ट आहेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व वैद्यकीय महाविद्यालयात पूर्णवेळ, कायम पदावरचा समन्वयक असावा. कंत्राटावर आलेला आणि अकरा महिन्यांनी जाणारा नव्हे. मेंदूमृत्यूचे निदान दानाशी न जोडता प्रत्येक वेळी व्हावे आणि त्याची नोंद राहावी. अतिदक्षता विभागालगत आप्तांसाठी एक स्वतंत्र खोली असावी. आणि कामाचे मोजमाप होकारांच्या संख्येने न करता किती मृत्यू ओळखले गेले, किती कुटुंबांना नीट विचारले गेले, आणि होकार असो वा नकार, किती घरांना पुढे महिनाभराने कोणी भेटून आले, यांवरून व्हावे. एका मूत्रपिंडाच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा लागणाऱ्या डायलिसिसवर वर्षानुवर्षे होणारा खर्च पाहिला, तर एका समन्वयकाचा पगार ही मोठी रक्कम नव्हे. पण हा हिशेब केवळ रुपयांचा नाही.

दात्याच्या कुटुंबाला आपल्या माणसाचे हृदय कोणाच्या छातीत आहे हे सांगितले जात नाही; कायदा ते गुप्त ठेवतो, आणि ते योग्यच आहे. त्यांच्याजवळ उरते ती त्या दिवसाची आठवण. आपल्याला कोणी फसवले नाही, घाई केली नाही, रडू दिले, आणि विचारले तेव्हा माणसासारखे विचारले, एवढे त्या आठवणीत असेल, तर त्या घरच्या आईला पुढची वर्षे काढता येतात. हे घडवून आणणारा माणूस आज फार थोड्या बाकांजवळ उभा असतो.